अपुऱ्या दिवसांचे बाळ केव्हा बसते?

(साक्षरता वर्गाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नव्हे. मी मॅट्रिक झालेला साधा शाळामास्तर. सोलापूर जिल्ह्यातल्या शाळांत आयुष्यभर खडू धरला आणि मुख्याध्यापक होऊन घरी बसलो. मग दवाखान्याच्या गोष्टी या मास्तराने का सांगाव्यात, असे तुम्हांला वाटेल. त्याचे कारण असे, की एक सोपी वजाबाकी मला आली नाही. त्यापायी माझ्या घरात सूनबाईला कित्येक महिने रडावे लागले. ती वजाबाकी तुम्हांला यावी, म्हणून आज उभा आहे. तुम्ही नुकतेच लिहायला-वाचायला शिकला आहात. दोन तारखा वाचता आल्या आणि बोटांवर महिने मोजता आले, की ही वजाबाकी कुणालाही जमते.

गोष्ट 2018 सालची. आमच्या सूनबाईला दवाखान्यात तारीख दिली होती 12 ऑक्टोबर. पण पोर आली 12 ऑगस्टला. पुरते दोन महिने आधी. वजन भरले दीड किलो. माझ्या एका तळहातावर मावेल एवढाच जीव. आमच्या वहिनींनी तर कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "सातव्याचं जगतं, पण आठव्याचं टिकत नाही बाई."

मंडळी, हे बोलणे आपल्याकडे घरोघर ऐकू येते. पण ते खरे नाही. आईच्या पोटात बाळ जितके जास्त दिवस राहील तितके ते बळकट होते. सातव्यापेक्षा आठव्यातले बळकट आणि आठव्यापेक्षा नवव्यातले बळकट. आमची नात जवळजवळ महिनाभर दवाखान्यात राहिली आणि सुखरूप घरी आली. आम्ही पेढे वाटले. वाटले, संकट टळले.

खरे संकट पुढेच होते, आणि ते आम्हीच घरात आणले.

शेजारच्या घरात त्याच आठवड्यात एक मुलगा जन्मला होता. तो पूर्ण दिवसांचा. संक्रांतीच्या सुमारास, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, तो मान ताठ धरून इकडे-तिकडे बघू लागला. आमची नात अजून मान डोलवीत होती. फाल्गुनात तो बसू लागला. आमची कुशीवर वळायलाच कुंथत होती. झाले, बायकांत कुजबूज सुरू झाली. "दूधच पातळ असेल." "पोटुशी असताना जपलं नाही हिनं." "पोर मंद निघाली वाटतं." सूनबाई ऐकायची आणि चुलीपुढे तोंड फिरवून डोळे पुसायची.

आणि मी काय केले? मी तर शिकलेला. मी मनातल्या मनात हजेरीपट काढला. शेजारचा मुलगा पुढे, माझी नात मागे. मुख्याध्यापकाची नात आणि नापास! मी बाजारात गेलो आणि चाकांचा वॉकर विकत आणला. पोरीला त्यात उभी केली. ती एका बाजूला लवंडली आणि रडू लागली. सूनबाई म्हणाली, "मामंजी, नका ना." मी म्हणालो, "तू गप्प बस. सवय लागली की बसेल."

शेवटी एप्रिल महिन्यात, ऊन चाळिशीच्या वर गेलेले असताना, आम्ही तिला मोठ्या दवाखान्यात दाखवायला नेले. तिथे लहान मुलांना व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना फिजिओथेरपिस्ट म्हणतात. त्यांनी विचारले, "आजोबा, बाळ किती महिन्यांचं?"

मी म्हणालो, "आठ."

त्या हसल्या. "तुम्ही मास्तर ना? गणित चुकलं तुमचं. कार्डावरची तारीख बघा. ही सहा महिन्यांची आहे."

मला वाटले, बाई थट्टा करतात. पण त्यांनी कागद घेतला आणि हिशेब मांडला. तोच आता मी या फळ्यावर मांडतो. तुम्हीही पाटीवर उतरून घ्या.

बाळ जन्मले: 12 ऑगस्ट.
बाळ जन्मायला हवे होते: 12 ऑक्टोबर.
बाळ लवकर आले: 2 महिने.
जन्मापासून मोजले तर आज: 8 महिने.
8 वजा 2 बरोबर 6 महिने.

हे सहा महिने म्हणजे बाळाचे खरे वय. डॉक्टर त्याला सुधारित वय म्हणतात. बाळ मान केव्हा धरील, केव्हा बसेल, केव्हा रांगेल, हे या वयावरून पाहायचे. बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत अशी वजाबाकी करायची. पुढे तिची गरज राहात नाही. मात्र एक लक्षात ठेवा. लसीला वजाबाकी नाही. लसी जन्माच्या तारखेपासून मोजूनच द्यायच्या.

अजून पटत नसेल तर शेताकडे चला. दोन भावांची राने शेजारीशेजारी आहेत. एकाने हस्त नक्षत्रात ज्वारी पेरली. दुसऱ्याची पेरणी महिनाभर मागे पडली. संक्रांतीला पहिल्याच्या रानात हुरडा आला आणि दुसऱ्याचे कणीस अजून भरायचे आहे. मग दुसरा भाऊ काय बैलाला मारील? रानाला शिव्या देईल? तो म्हणेल, "माझी पेरणी मागची. माझा हुरडाही मागे येईल." आमच्या आणि शेजारच्या बाळाचे तसेच होते. दोघे जन्मली एका आठवड्यात, पण पेरणी एका वेळची नव्हती. आम्ही ज्वारीला जो न्याय देतो, तो पोटच्या पोराला देत नव्हतो.

आता कुणी म्हणेल, आमच्या आज्या-पणज्यांना हे कसे ठाऊक नव्हते? त्याला कारण आहे. पूर्वी इतकी लहान बाळे फारशी वाचतच नसत. जी वाचली नाहीत, ती केव्हा बसतात हे कुणाला कळणार? आता दिवस बदलले. गडचिरोली जिल्ह्यात डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग यांनी 1995 पासून 39 गावांत खेड्यातल्याच बायकांना शिकवून तयार केले. त्या बायका घरी जाऊन नव्या बाळाला ऊब कशी द्यावी, दूध कसे पाजावे, श्वास कसा मोजावा हे पाहू लागल्या. तीन वर्षांत त्या गावांतले नवजात बाळांचे मरण निम्म्याहून कमी झाले. पुढे 2011 पासून देशभर आशाताई नव्या बाळाच्या घरी फेऱ्या घालू लागल्या. तिकडे कोलंबिया देशात बोगोटा शहरातल्या दवाखान्यात 1978 साली बाळांना उबेत ठेवायच्या पेट्या अपुऱ्या पडल्या. तेव्हा डॉक्टरांनी बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सांगितले. आईची छाती पेटीच्या कामी आली. आज आपल्या दवाखान्यांतही तसे करतात. आमच्या सूनबाईनेही केले.

जगात आज दर दहा बाळांत एक बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मते. 37 आठवडे भरायच्या आत जे आले ते अपुऱ्या दिवसांचे, असे धरतात. अशी बाळे आता वाचतात. वाचल्यावर त्यांना वाढवायचे कसे, ही विद्या मात्र नवी आहे. ती आजीनेही शिकायची आणि आजोबानेही.

त्या बाईंनी आम्हांला ती शिकवली. त्या म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही पहिलीच्या पोराला एकदम भागाकार घालता का? आधी अंक, मग बेरीज. बसणंही तसंच. आधी मान, मग खांदे आणि हात, मग पाठ, मग कंबर. वरून खाली बळ येतं."

त्यांनी आणखी एक गोष्ट समजावली. शेवटच्या दोन महिन्यांत बाळ पोटात मुटकुळे करून असते. जागा अपुरी, म्हणून हातपाय आपोआप छातीशी दुमडलेले राहतात. लवकर आलेल्या बाळाला हे मुटकुळे पुरेसे मिळत नाही. ते सपाट गादीवर हातपाय पसरून पडते. मग खांदे मागे ओढले जातात आणि पाठ मागे ताठते. बसायला तर कमरेत पुढे वाकावे लागते. म्हणून अशा बाळाला बसायला उशीर लागतो. यात आईचा काही दोष नाही.

आम्हांला शिकवलेले धडे असे.

पहिला धडा, पालथे खेळवणे. बाळ जागे असावे आणि दूध पिऊन थोडा वेळ झालेला असावा. आधी आईने मागे टेकून बसावे आणि बाळाला आपल्या छातीवर पालथे घ्यावे. आईचे तोंड बघायला ते मान उचलते. सवय झाली की खाली जमिनीवर गोधडी घालून पालथे ठेवावे. छातीखाली पंचाची लहान गुंडाळी द्यावी. पुढे चकचकीत वाटी ठेवावी, नाहीतर बांगड्या वाजवाव्यात. सुरुवातीला मिनिट-दोन मिनिटे पुरे, पण दिवसातून पुष्कळ वेळा. कुणीतरी जवळ बसलेच पाहिजे. झोपवताना मात्र बाळाला उताणेच झोपवायचे, पालथे नाही.

दुसरा धडा, हात मध्ये आणणे. बाळाला उचलून घेताना मुटकुळे करून घ्यावे. त्याचे दोन्ही हात पुढे यावेत. हाताने पायाची बोटे धरू द्यावीत, मूठ तोंडात घालू द्यावी. अंथरुणातून उचलताना दोन्ही हात धरून ओढू नये. आधी कुशीवर वळवावे आणि मग उचलावे. वळता येणे ही बसण्याची पहिली पायरी आहे.

तिसरा धडा, मांडीवर बसवणे. मान नीट सावरू लागली की हा धडा. आईने मांडी घालून बसावे. बाळाची पाठ आपल्या पोटाशी घ्यावी. आधी त्याच्या छातीला दोन्ही हातांनी आधार द्यावा. थोड्या आठवड्यांनी आधार खाली फासळ्यांवर आणावा. मग कमरेवर. आधार जसा खाली येईल तशी वरची पाठ बाळाची स्वतःची होईल.

चौथा धडा, तीन दगडांची चूल. बाळाला जमिनीवर बसवून त्याचे दोन्ही तळवे पुढे टेकवावेत. दोन हात आणि बूड, असे तीन टेकू झाले. पुढे लाकडी पाट ठेवला आणि त्यावर हात टेकवले तर बाळाला सोपे जाते. मागे आणि बाजूला गोधड्या घालाव्यात. लवंडले तर लवंडू द्यावे, पण आपण हाताच्या अंतरावर असावे.

पाचवा धडा, हात सुटणे. खेळणे थोडे उजवीकडे ठेवावे, मग थोडे डावीकडे. ते घ्यायला बाळ एक हात उचलते. तोल गेला तर दुसरा हात टेकते. हे टेकणे जमले की समजावे, बसणे जवळ आले.

आता काय करू नये तेही ऐका. बाळाला उशांच्या ढिगात तासन्‌तास बसवून ठेवू नये. त्याने पाठीला बळ येत नाही, बाळ नुसते अडकून पडते. पाय धरून उलटे करू नये. झुलवू, गदगदा हलवू नये. मालीश हलक्या हाताने करावी, आणि नाका-कानांत तेल घालू नये. बसायच्या आधी उभे करून नाचवू नये. वॉकर तर नकोच. त्यात बाळ पायांच्या चवड्यांवर ढकलत राहते, बसायला शिकत नाही, आणि पायरीवरून कोसळतेही. कॅनडा देशाने 2004 साली असे वॉकर विकायलाच बंदी केली. माझा वॉकर मी मोडीत दिला. आणि बाळ जांभया देऊ लागले, तोंड फिरवू लागले, किरकिरले, तर धडा बंद. शाळेची घंटा बाळाच्या हातात असते.

मंडळी, इथे एक सावधगिरीची सूचना. वजाबाकी केली म्हणजे नुसती वाट बघत बसायचे, असे नव्हे. निरोगी, पूर्ण दिवसांची मुलेही सगळी एका दिवशी बसत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या देशासह पाच देशांत मुले पाहिली आणि 2006 साली सांगितले, की बिनआधाराने बसणे कुणाला चार महिन्यांच्या आतच येते, तर कुणाला नऊ महिन्यांच्या थोडे पुढे. म्हणून वजाबाकी करून नऊ महिने झाले आणि बाळ बसत नसेल, तर दवाखाना गाठावा.

पुढच्या खुणा दिसल्या तर नऊ महिन्यांचीही वाट पाहू नये. वजाबाकी करून चार महिने झाले तरी मान सावरत नाही. मुठी सदा घट्ट आवळलेल्या. पाय लाकडासारखे ताठ, कात्रीसारखे एकावर एक. अंग चिंधीसारखे ढिले. सारखा एकच हात चालतो, दुसरा पडून राहतो. आवाजाला दचकत नाही, तोंडाकडे बघत नाही. किंवा आधी येत होते ते आता येईनासे झाले. अशा वेळी लाजू नये, लपवू नये. आशाताईला सांगावे. सोलापूरकर ज्याला सिव्हिल म्हणतात त्या मोठ्या सरकारी दवाखान्यात लहान मुलांचे डॉक्टर असतात. 2013 पासून सरकारची पथके अंगणवाडीत मुले तपासायला येतात, त्यांनाही दाखवावे. जितके लवकर दाखवाल तितका गुण जास्त.

डोळ्यांचेही सांगतो. फार लवकर आलेल्या आणि दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांच्या आतला पडदा महिन्याच्या आत डॉक्टरांकडून तपासून घ्यावा लागतो. वरून डोळा चांगला दिसतो, पण आत बिघाड असू शकतो. ज्याला दिसत नाही ते बाळ मान कशासाठी उचलेल?

आता माझ्या मनाला लागलेली एक गोष्ट सांगतो आणि पुरे करतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी, 1987 ते 1989 या काळात जन्मलेली दोन किलोंहून कमी वजनाची बाळे अठरा वर्षांची होईपर्यंत पाहिली. त्यांची सरासरी बुद्धी सर्वसाधारण मर्यादेत होती. पण पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा ती थोडी मागे होती, आणि शाळेत गणित त्यांना जड जात होते. हे मला कळले तेव्हा मी त्या रात्री झोपलो नाही. माझ्या वर्गात अशी मुले बसून गेली असतील. कुणाचे अक्षर वेडेवाकडे, कुणाची बेरीज चुकलेली. मी त्यांना अंगठे धरून उभे केले. त्यांची जन्मकथा मी एकदाही विचारली नाही. तुमच्या घरी असे मूल असेल तर शाळेत नाव घालताना गुरुजींना सांगा, "हे लवकर आलेलं आहे. जरा बघा." गुरुजींना राग येणार नाही. आला तर माझे नाव सांगा.

आमच्या नातीचे काय झाले? त्या बाईंकडे आम्ही दर महिन्याला जात राहिलो. धडे रोज चालू होते. सकाळी सूनबाई, दुपारी मी, रात्री मुलगा. जून संपला तरी ती दोन हात टेकूनच बसत होती. हात उचलला की लवंडायची. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पंढरीला जाणारी एक दिंडी आमच्या दारावरून चालली होती. आम्ही तिला ओट्यावर गोधडी घालून बसवले होते. टाळ वाजू लागले. तिने एक हात उचलला. मग दुसराही उचलला आणि टाळ्या वाजवायला लागली. दोन्ही हात हवेत, आणि पोर सरळ बसलेली! जन्मापासून पावणेअकरा महिने. वजाबाकी केली तर पावणेनऊ.

आज ती दुसरीत आहे. धावते, भांडते, पाढे म्हणताना सातापाशी अडखळते. अडखळू दे.

त्या दिवशी मी सूनबाईपुढे उभा राहिलो आणि म्हणालो, "पोरी, माझं गणित चुकलं होतं." ती काही बोलली नाही. तिने पदराने डोळे पुसले. पण या वेळी तोंड फिरवले नाही.

तेव्हा बंधूंनो, भगिनींनो, आज घरी गेलात की माता-बाल संरक्षण कार्ड शोधा. पत्र्याच्या पेटीत असेल, नाहीतर देवळीत. बाळ जन्माला यायची तारीख त्यावर लिहिलेली आहे. ती वाचा. जन्माची तारीख वाचा. आता तुम्हांला वाचता येते. दोहोंची वजाबाकी करा, आणि तो आकडा आधी सासूला सांगा, मग शेजारणीला.